एका क्रियापदाची धाव

इंग्रजी भाषेतला सर्वांत मोठा शब्द कोणता, असे विचारले की शाळेत हुशार म्हणून गाजलेली मंडळी वीस-पंचवीस अक्षरांचा एखादा जबडातोड शब्द पुढे करतात. अक्षरेच मोजायची असतील तर त्यांचे उत्तर बरोबर आहे. पण बाजारात हमालाची उंची कोणी विचारीत नाही. पाठीवर ओझे किती घेतो ते विचारतात. अर्थांचे ओझे हे माप धरले तर इंग्रजीतला सर्वांत मोठा शब्द रोमन लिपीत अवघ्या तीन अक्षरांचा निघतो. देवनागरीत तर तो दोनच अक्षरांत मावतो, आणि आपल्या गल्लीतली पोरे सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तोच शब्द ओरडत असतात. तो शब्द म्हणजे 'रन'.

ऑक्सफर्डच्या महाकोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदाची नोंद नव्याने लिहायला घेतली, तेव्हा त्यांना नऊ महिने लागले. नऊ महिने हा काळ आपल्या घरात वेगळ्याच कारणासाठी मोजतात. पण शब्दाचा जन्म लावून देण्यालाही तो कमीच म्हणायचा. २०११ साली ही नोंद पुरी होऊन बाहेर आली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ भरले. एका क्रियापदाचे सहाशे पंचेचाळीस अर्थ! आपण शाळेत 'रन म्हणजे धावणे' असे घोकून मोकळे झालो होतो. म्हणजे सहाशे चव्वेचाळीस बाकी राहिले.

ते कोठून आले, आणि इंग्रजी आपल्या दारी आली तेव्हा त्यांचे आपण काय केले, याची हकीकत मोठी मौजेची आहे.

कोशकारांना या शब्दाचा धाक फार जुना. डॉक्टर जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्याला छळणाऱ्या क्रियापदांची एक यादीच दिली आहे. त्या यादीत मोठे पंडिती शब्द नाहीत. येणे, जाणे, घेणे, देणे, करणे, ठेवणे अशा घरगुती क्रियांची नावे आहेत, आणि त्यांतच 'सेट' व 'रन' हे दोघे बसले आहेत. हे शब्द घटकेघटकेला आपली नाती बदलतात, ते कोशात बांधायचे कसे, असा त्यांचा सवाल. वादळात हेलकावणाऱ्या झाडीचे चित्र पाण्यातल्या प्रतिबिंबावरून काढता येत नाही, अशा अर्थाची उपमा त्यांनी तेथे योजली आहे. जॉन्सन यांच्यासारख्या मानी पुरुषाने हात टेकावेत असा हा शब्द!

पुढे शंभर वर्षांनी, १८५७ च्या नोव्हेंबरात, लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळापुढे रिचर्ड ट्रेंच यांनी इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर निबंध वाचला आणि त्यातून एका प्रचंड उद्योगाची सुरुवात झाली. आपल्याकडेही ते साल कोशाच्या दृष्टीने पुण्याचे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढविलेली आवृत्ती १८५७ चीच. उत्तरेत तोफा धडधडत होत्या आणि मुंबईत मराठी शब्दांची शिरगणती होत होती, हा इतिहासाचा एक विचित्र योगायोग आहे.

ऑक्सफर्डने १८७९ साली जेम्स मरे यांच्याशी करार केला तो दहा वर्षांत कोश पुरा करण्याचा. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग निघाला; त्यात गाडी 'ए' या पहिल्या अक्षराच्याही शेवटापर्यंत पोचली नव्हती. मरे १९१५ साली वारले, आणि कोश पुरा झाला १९२८ साली. चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर अवतरणे! 'रन' हा शब्द ज्या अक्षराखाली येतो ते अक्षर विल्यम क्रेगी यांच्या वाट्याला आले होते. मात्र त्या कोशातली सर्वांत लांब नोंद 'रन'ची नव्हती. ती हेन्री ब्रॅडली यांच्या हातच्या 'सेट'ची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही 'सेट'च पहिला राहिला. त्याचे अर्थ चारशेवर.

आता 'सेट' म्हणजे काय? 'सिट' म्हणजे बसणे, त्याचे प्रयोजक रूप 'सेट', म्हणजे बसवणे. आपल्या 'सदन' आणि 'संसद' या शब्दांत जो 'सद्' धातू आहे, त्याच्याच गोत्रातला हा. नवीन आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर मध्यंतरी 'मेक' आणि 'पुट' या क्रियापदांनी त्याला मागे टाकले, आणि २०११ साली 'रन' सगळ्यांच्या पुढे गेला. बसवणाऱ्या क्रियापदाचा मान धावणाऱ्याकडे गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीचे जग बसून होते आणि आजचे धावते आहे, असा घाईचा सिद्धांत मी येथे मांडणार नाही. पण या चढाओढीत काही अर्थच नाही असेही नव्हे.

'रन'चा मूळ अर्थ केवळ पायांनी धावणे असा नाही. जुन्या इंग्रजीत त्याची 'रिन्नन' आणि 'इर्नन' अशी दोन रूपे सापडतात. आपल्याकडे 'नुकसान'चे 'नुस्कान' होते, तशीच ही वर्णांची अदलाबदल. नवव्या-दहाव्या शतकांत नॉर्स लोक इंग्लंडच्या पूर्वेला आणि उत्तरेला येऊन राहिले. त्यांच्या बोलीतही याच कुळातले क्रियापद होते. दोघांचा संग घडून आजचा शब्द तयार झाला. या कुळाचा जुना धंदा वाहण्याचा. जर्मन भाषेत 'रिन्नेन' म्हणजे आजही वाहणे, झिरपणे. चीज करताना दूध साकळावे म्हणून जे 'रेनेट' घालतात तेही याच घराण्यातले मानतात. म्हणजे इंग्रज जेव्हा म्हणतो की नळ 'रन' होतो, नाक 'रन' होते, कपड्याचा रंग 'रन' होतो, तेव्हा तो काही नवी अलंकारिक भाषा बोलत नसतो. मूळ घरचीच भाषा बोलत असतो.

पाण्यावरून शब्द पायांवर आला, पायांवरून व्यवहारात शिरला. सतराव्या शतकाच्या अखेरीस बँका निघाल्या, आणि लोक एकदम पैसे काढायला लोटले की त्याला बँकेवरचा 'रन' म्हणू लागले. १७४५ च्या डिसेंबरात स्कॉटलंडहून निघालेली राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टची फौज इंग्लंडच्या आत डर्बीपर्यंत आली, तेव्हा लंडनकरांनी बँक ऑफ इंग्लंडकडे धाव घेतली. त्या वेळी बँकेने सहा-सहा पेनींची चिल्लर सावकाश मोजून देत वेळ काढला, असे सांगतात. माणसे धावत होती आणि नाणी रांगत होती!

असा प्रसंग मुंबईनेही पाहिला. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ पासून कापसाला सोन्याचा भाव आला होता. बॅक बे बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी शहाणीसुरती माणसे वेडी झाली होती. १८६५ च्या एप्रिलमध्ये तिकडे युद्ध संपले आणि इकडे डोलारा कोसळला. त्या पडझडीतून बँक ऑफ बॉम्बे सावरली नाही. १८६८ साली तिचा कारभार गुंडाळावा लागला. मात्र अशा वेळी मराठी माणूस धावण्याची भाषा करीत नाही. त्याच्या भाषेत ठेवीदारांची झुंबड उडते, पेढी बुडते, सावकाराचे दिवाळे निघते. दिवाळे निघालेला सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, त्यावरून हा शब्द आला असे म्हणतात. दिव्यांच्या सणाचा हा असा एक दूरचा, दुर्दैवी नातलग!

'रन'चा खरा विस्तार झाला तो यंत्रे आल्यावर. वाफेचे इंजिन, माग, आगगाडी, घड्याळ, पुढे मोटार: जे जे आपल्या गतीने सुरू राहते ते ते इंग्रजीत 'रन' होऊ लागले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणखी एक वळण मिळाले. यंत्र जसे 'रन' करायचे तसेच दुकान, कारखाना, हॉटेल 'रन' करायचे, असे लोक बोलू लागले. माणूस स्वतः खुर्चीवर बसलेला. पण तो पेढी 'रन' करतो. निवडणुकीचेही तेच. इंग्लंडातला उमेदवार पार्लमेंटसाठी उभा राहतो. अमेरिकेतला 'रन' करतो, म्हणजे धावतो. आपण या बाबतीत इंग्लंडचे शिष्य, म्हणून आपले उमेदवार उभे राहतात. (निवडून आल्यावर बसतात, हा भाग वेगळा.) संगणक आल्यावर तर या शब्दाला सुगीच आली, अहोरात्र, लक्षावधी खोल्यांत, कोणती ना कोणती प्रणाली 'रन' होत असते.

असा हा बहुरूपी शब्द मराठी मुलांपुढे आला, तो 'रन म्हणजे धावणे' एवढ्या शिदोरीवर. मी काही वर्षे मुलांना इंग्रजी शिकवीत असे. भाषांतरासाठी एक साधे वाक्य दिले होते: त्याचे वडील दुकान 'रन' करतात. एका गुणी मुलाने लिहून आणले, 'त्याचे वडील दुकान पळवतात.' वर्ग हसला. पण त्याच्या तर्कात खोट काढता येईना. धावणे म्हणजे पळणे, मग दुसऱ्याला धावायला लावणे म्हणजे पळवणेच. व्याकरण शाबूत होते. फक्त वडील चोर ठरले होते!

त्या दिवशी फळ्यावर आम्ही सर्वांनी मिळून एक यादी केली. गाडी 'रन' होते: गाडी चालते. घड्याळ: चालते. दुकान: चालते. सरकार, शाळा, खटला, वर्तमानपत्र: सगळी चालतात. नाटक पुष्कळ दिवस 'रन' झाले: नाटक चांगले चालले. एखादा गुण घराण्यात 'रन' होतो: घराण्यात चालत आलेला असतो. साखर 'रन आऊट' झाली की आपल्याकडे ती संपते. रस्ता 'रन' होतो तेथे आपला रस्ता जातो. जुना मित्र 'रन इन्टु' केला तर तो अवचित भेटतो. पण कामकाजाचा, यंत्राचा, संसाराचा जेवढा म्हणून भार इंग्रजांनी 'रन'च्या पाठीवर दिला, तो जवळजवळ सगळा मराठीने 'चालणे' या क्रियापदाच्या खांद्यावर ठेवला आहे, हे त्या यादीने मुलांना दाखवले आणि मलाही नव्याने दाखवले.

'चालणे'चा संसार पाहा. चालू वर्ष, चालू खाते, चलनी नाणे. गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, घोड्याची चाल. जे पूर्वापार करीत आलो ती चालीरीत. जे आज करायचे ते उद्यावर टाकले की चालढकल. फार हुशार माणूस 'चालू'. कोणी भेटले की 'कसं काय चाललंय?' आणि मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून शंभरदा येणारा तो शब्द: 'चालेल!' चहात साखर कमी? चालेल. गाडीत बसायला जागा नाही? चालेल. या एका शब्दावर आपण अर्धे आयुष्य काढतो.

यंत्रे आली तेव्हाही मराठीने नवे क्रियापद शोधले नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. इंग्रजी बोलणाऱ्या मालकाच्या दृष्टीने ती 'रन' होत होती. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगाराच्या दृष्टीने गिरणी चालू होती. गिरणी चालते म्हणून घर चालते, हे गिरणगावाचे साधे गणित होते.

हे गणित किती खरे होते ते १९८२ च्या जानेवारीत कळले. डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि एकामागून एक भोंगे थांबले. पुष्कळ गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. त्या काळात लालबाग-परळच्या चाळींत जो प्रश्न विचारला जाई, तो असा: 'घर कसं चालवता?' या प्रश्नात धावण्याची भाषा बसवून पाहा, बसत नाही. घर धावत नाही. रोज एक पाऊल, पुन्हा उद्या एक पाऊल, असेच ते पुढे न्यावे लागते. गिरणगावात घर चालवण्याचे हे काम पुष्कळ बायकांनी खाणावळी चालवून केले. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. पहाटे उठून चाळीस माणसांच्या पोळ्या लाटणारी बाई काय करीत होती? इंग्रजीत सांगायचे तर धंदा 'रन' करीत होती. मराठीत ती खाणावळ चालवीत होती, आणि तिच्याबरोबर नवरा, मुले, गावाकडची म्हातारी, सगळ्यांना चालवीत होती. हा अर्थ ६४५ च्या यादीतून उचलून आणता येणार नाही. तो आमच्या क्रियापदाने आमच्या घरात कमावला आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की इंग्रज उतावळा म्हणून धावतो आणि आपण धीराचे, अथवा आळशी, म्हणून चालतो. मला तसे वाटत नाही. फ्रेंच लोकांचे घड्याळही चालते, यंत्रही चालते, आणि एखादी गोष्ट पसंत पडली की तेही आपल्यासारखेच 'चालते' अशा अर्थाचे उत्तर देतात. जर्मनांचे 'लाउफेन' हे क्रियापद धावण्यालाही लागते आणि पायी चालण्यालाही. चाळीच्या जिन्यावरून लोकलसाठी उड्या टाकीत जाणाऱ्या मुंबईकराला चालणारा म्हणण्याचे धाडस कोण करील? भाषा माणसाचा स्वभाव सांगते असे नाही. त्याने कोणत्या शब्दावर भार टाकून दिवस काढले, ते मात्र सांगते.

धावण्याला आपण अगदीच थारा दिला नाही असेही नाही. क्रिकेट मुंबईत प्रथम पारशांनी उचलले. त्यांचा पहिला संघ १८४८ सालचा. जुन्या काळी इंग्लंडात गुणलेखक काठीवर खाचा पाडून 'रन' मोजीत. मराठीत त्या 'रन'ची 'धाव' झाली. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून सामन्याचे मराठी वर्णन घरोघर नेले. धावसंख्या, धावबाद, धावफलक हे शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचले. एरवी आपल्याकडे 'धावा' म्हटला की तो देवाचा. संकटात सापडलेला भक्त धावा करतो. आता फलंदाजही धावा करतो, आणि शेवटच्या षटकात दोन्ही प्रकारचे धावे एकाच घरात चालू असतात!

हा शब्द चांगला रुजला, कारण तेथे माणूस खरोखर धावतो. अलीकडे मात्र वर्तमानपत्रांत गाड्या उशिराने 'धावतात'. जी गाडी उशिरा येते, दोन स्टेशनांच्या मध्ये अर्धा तास उभी राहते, ती उशिराने धावते! हे इंग्रजी वाक्य मराठी अंगरखा घालून आलेले आहे. त्याला हाकलून द्या असे मी म्हणत नाही; भाषेच्या दारात शिपाई बसवून काही साधत नाही. एवढेच म्हणतो की परका शब्द घरात घेताना, आपल्या घरात हे काम आजवर कोण करीत होते, याची चौकशी आधी करावी. संगणकाची प्रणाली 'रन' करायची असेल तर खुशाल करावी. पण तीच चालवायलाही हरकत नाही, कारण गिरणीपासून खाणावळीपर्यंत सगळे चालवून झालेले क्रियापद आपल्याजवळ तयार आहे.

आणि हे दोन शब्द एकमेकांना अगदी परके तरी आहेत का? भाषाशास्त्रज्ञ 'रन'चे मूळ ज्या प्राचीन धातूपर्यंत नेतात, त्याचाच संस्कृतातला वंशज 'री' मानतात. त्याचाही अर्थ वाहणे. त्या 'री'पासून 'रीति' हा शब्द झाला. वेदांत त्याचा अर्थ ओघ, प्रवाह. पुढे वाहत आलेली वहिवाट, पद्धत, आणि मराठीत रीत. म्हणजे आजी जेव्हा नव्या सुनेला 'आपल्या घरची चालरीत' सांगत होती, तेव्हा इंग्रजांच्या 'रन'चा एक चुलतभाऊ आमच्या 'चाल'च्या गळ्यात हात घालून कधीचाच माजघरात बसला होता.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जो लोखंडी पाटा चढवतो, त्यालाही मराठीत धाव म्हणतात. धाव तापवून चाकावर बसवतात. मग चाक झिजत नाही आणि गाडी वर्षानुवर्षे चालते. धाव, बसवणे आणि चालणे: इंग्रजीत ज्या मानासाठी क्रियापदांची चढाओढ लागली, ती तिन्ही कामे आमच्या लोहाराच्या एका चाकात नांदत आली आहेत.

वाचकहो, सणाच्या गडबडीत एवढा लांबलचक शब्दविचार चालेल ना, असे विचारायला हवे होते. पण आपल्याकडे त्याचेही उत्तर ठरलेले आहे. कोणी 'चालेल का?' म्हणून विचारले की खुशीत असलेला माणूस म्हणतो, 'चालेल काय, धावेल!'